आठवणीतला वेताळ आणि अंकातला वेताळ

जुन्या सुपरहिरो कॉमिक्सवर जो वाद चालतो, त्यात एक गोष्ट सतत खटकते. वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी गेल्या वीस-तीस वर्षांत तो अंक उघडून पाहिलेला असतो. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, मे महिन्यात घरोघरचे माळे साफ होतात, कुणाच्या तरी हाती पिवळा पडलेला गठ्ठा लागतो आणि ठरलेली दोन भाषणं सुरू होतात. पहिलं म्हणतं, काय दिवस होते, जंगलातला वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांनी आम्हाला वाचायला शिकवलं, आजची पोरं बिचारी मोबाइलमध्ये बुडाली. दुसरं म्हणतं, जंगलातल्या काळ्या माणसांवर राज्य करणारा गोरा माणूस, जादूगाराच्या मागे चालणारा बिबट्याचं कातडं नेसलेला नोकर, संकटात सापडून किंचाळणाऱ्या बायका, हे विष पुन्हा कशाला घरात आणता? एकाला आठवण पुरते आणि दुसऱ्याला आरोप. अंकाची गरज दोघांनाही वाटत नाही.

माझं म्हणणं असं की ही कॉमिक्स मोठ्या वयात पुन्हा वाचलीच पाहिजेत, आणि शक्यतो त्या वेळी छापलेल्या अंकातूनच. तेराव्या-चौदाव्या वर्षी जे वाचलं ते डोक्यात मुरून बसलेलं असतं. शौर्य म्हणजे काय, न्याय कोणी करायचा, जंगलात राहणाऱ्या माणसांना कुणाची गरज असते, अशा प्रश्नांची पहिली उत्तरं अनेकांना तिथेच मिळाली. ती उत्तरं आज तपासायची असतील तर आठवण हा पुरावा होऊ शकत नाही. आठवण गोष्ट सोपी करते, गैरसोयीच्या चौकटी गाळते आणि आपल्याला हवा तो शेवट जोडते.

याचं एक उदाहरण अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. जून १९७३ची तारीख असलेला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१वा अंक. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली लोटतो. स्पायडर-मॅन वरून जाळं सोडतो, जाळं तिच्या पायाला चिकटतं आणि ती हवेत थांबते. त्याला वाटतं आपण तिला वाचवलं. तिला वर ओढताना तो स्वतःच्या शक्तीवर खूशही असतो. वर आणल्यावर कळतं की ती गेलेली आहे. ‘गॉब्लिननं ग्वेनला मारलं’ ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, आणि शाळेच्या वयात वाचलेल्या बहुतेकांना तेवढंच आठवतं. पण जाळं पाय पकडतं त्या चौकटीत, तिच्या मानेजवळ, बारीक अक्षरात एक आवाज लिहिलेला आहे : स्नॅप. इतका बारीक, की पान उलटायच्या घाईत तो सहज निसटतो. वेगानं खाली येणारं शरीर पायाशी एकदम अडलं की सगळा झटका मानेला बसतो. पुढे वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना प्रकाशकानंही मृत्यूचं कारण हा झटकाच असल्याचं सांगितलं. म्हणजे वाचवण्याच्या कृतीतच ती दगावली. चौदाव्या वर्षी ही खलनायकाच्या क्रौर्याची कथा असते. चाळिशीत, हातून काही तरी निसटल्याचा अनुभव गाठीशी असताना, तीच पानं चांगल्या हेतूनं झालेल्या घाताची कथा सांगतात. छापलेली शाई तीच, वाचणारा डोळा बदललेला. स्मरणरंजनाला हे कसं दिसणार? आणि ‘पोरकट मारामाऱ्या’ म्हणून गठ्ठा बाजूला सारणाऱ्याला तरी कसं दिसणार?

आता दुसऱ्या भाषणातल्या सगळ्यांत जड मुद्द्याकडे येऊ, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकी लेखक ली फॉकनं १९३६मध्ये रचलेला वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, हा वसाहतवादी कल्पनेतून आलेला नायक आहे. एकवीस पिढ्या एकाच गोऱ्या घराण्यातला माणूस जंगलाचा रक्षक होतो, ‘बांदर’ नावाच्या बुटक्या जमातीची त्याच्यावर श्रद्धा असते आणि त्याच्या शब्दानं जमातींमधली भांडणं मिटतात. १९३४च्या मँड्रेकमधला नोकर लोथार कातडं नेसून, फेज टोपी घालून, मोडकीतोडकी इंग्रजी बोलत अवतरतो. यात गैरसमजाला जागा नाही. हा वंशवाद आहे आणि त्याला तेच नाव द्यायला हवं. ‘त्या काळी सगळं तसंच होतं’ हा बचाव लंगडा आहे, कारण त्या काळीही त्याविरुद्ध बोलणारी माणसं होती.

पण आरोप इथेच थांबतो आणि अंक पुढे जातात. १९६५मध्ये मँड्रेकची चित्रं फ्रेड फ्रेडरिक्सकडे आली. त्यानंतर लोथारचं कातडं आणि टोपी गेली, भाषा सुधारली, तो मित्र आणि बरोबरीचा साथीदार झाला. वेताळाच्या देशात निवडणूक होऊन डॉ. लमांडा लुआगा हा काळा राष्ट्राध्यक्ष आला आणि लष्करशहा जनरल बबाबू खलनायक ठरला. नव्यानं स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांच्या बातम्या जगभरच्या वर्तमानपत्रांत येत होत्या ते हे दिवस. वेताळाची प्रेयसी डायना पामर संयुक्त राष्ट्रांत नोकरी करत होती आणि १९७७मध्ये त्याच्याशी झालेल्या लग्नानंतरही ती घरी बसली नाही. मूळ पाप यानं धुतलं जातं असं मी म्हणत नाही. गोरा माणूस सिंहासनावर आहेच. मात्र तीस वर्षांच्या चित्रपट्ट्यांमधून एक लोकप्रिय गोष्ट स्वतःचीच लाज ओळखून हळूहळू, अर्धवट, कचरत बदलताना दिसते. समाज कसे बदलतात याचा एवढा स्वस्त आणि स्पष्ट दस्तऐवज दुसरा कुठे मिळेल? तो फेकून दिला तर पापही दिसणार नाही आणि बदलही दिसणार नाही.

यापुढचा मुद्दा मराठी वाचकाचा आहे, आणि तो या वादात कुणी मांडतच नाही. आपण फँटम वाचलाच नाही, आपण वेताळ वाचला. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. ती १९९०पर्यंत चालली, आठशेच्या वर अंक निघाले आणि इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत ते घरोघर गेले. त्या मराठी नावाचा विचार करा. पुण्यात कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रस्ता, कुठूनही मान वर केली तर वेताळ टेकडी दिसते आणि माथ्यावर देवळात वेताळ बसलेला असतो. कोकणात आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, अशी तिथली श्रद्धा. ‘चालणारं भूत’ हे फँटमचं मूळ बिरुद ज्या भाषेत येण्याआधीच राखण करत फिरणारं दैवत नांदत होतं, त्या भाषेत ते परकं राहिलंच नाही. न्यूयॉर्कच्या वाचकाला जो जंगलातला गोरा राजा वाटला, तो सदाशिव पेठेतल्या मुलाला शिवेवरचा राखणदार वाटला. मुखवट्यामागचा माणूस गोरा आहे, हे कित्येकांच्या ध्यानातही राहिलं नाही.

मग मराठी वाचक या दोषातून सुटला का? नाही, आणि पुन्हा वाचायचं ते यासाठीच. राखणदाराचं रूप आपलं वाटलं, म्हणून त्यातली उतरंडही आपली वाटली. जंगलातल्या माणसांना बाहेरून आलेला कुणीतरी सांभाळणारा लागतो, ही समजूत मुळशी-मावळातल्या कातकरी-ठाकरांकडे बघणाऱ्या शहरी नजरेत आजही आहे. ती सगळी कॉमिक्समधून आली असं कुणीच म्हणणार नाही. पण किशोरवयात तिला इतकं देखणं, जांभळ्या पोशाखातलं चित्र मिळालं, हे नाकारता येत नाही. परदेशी समीक्षकांचा आरोप जसाच्या तसा उचलून आपल्याकडे आदळणं यासाठीच पुरत नाही. आपला दोष आपल्या जागी आहे, आणि तो शोधायला आपलाच अंक चाळायला हवा.

त्या अंकात आणखीही काही सापडतं. मूळ पट्टीत वेताळाचा देश सुरुवातीला आशियाच्या बाजूला होता, पुढे तो आफ्रिकेत सरकला. त्याचं बंगाला हे नाव बंगालच्या फार जवळ जातं म्हणून भारतीय आवृत्तीनं त्याचं डेंकाली केलं. वेताळाच्या पूर्वजांना मारणारी समुद्री चाच्यांची टोळी मूळ गोष्टीत ‘सिंग’ होती, आपल्याकडे ती ‘सिंगा’ झाली. दैनिकातल्या आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवताना चित्रं कापली गेली, काही गाळली गेली. तेव्हा ‘आमच्या लहानपणीचं अस्सल इंद्रजाल’ असा गळा काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते अस्सल कधीच नव्हतं. मुंबईत बसलेल्या संपादकांनी भारतीय वाचकाचा विचार करून त्याला कात्री आणि लेखणी लावली होती. यात कमीपणा नाही, उलट हे काम अभ्यासण्यासारखं आहे. भाषांतराची कसरतच बघा. इंग्रजी मजकूर फुग्यांत सगळा ठळक मोठ्या अक्षरांत असतो आणि सगळी अक्षरं एका उंचीची. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी लागते, खाली उकार, आणि फुग्याचा आकार ठरलेला. म्हणजे अक्षर बारीक करा नाहीतर वाक्य तोडा. तोडलं की तुटक, जोरकस वाक्यं आपोआप घडतात, आणि मराठी कॉमिक्समधले नायक जे ठासून, तुटक बोलतात त्यामागे ही जागेची टंचाईदेखील आहे.

या सगळ्यात बहादूरला विसरून चालणार नाही. आबिद सुरतींनी १९७६मध्ये तो इंद्रजालसाठी उभा केला. कुर्ता आणि जीन्स घातलेला, दरोडेखोराचा मुलगा, पुढे गावाच्या रक्षणासाठी नागरिकांचं दल उभारणारा. सन १९७६, म्हणजे आणीबाणी चालू होती. चारच वर्षांपूर्वी, १९७२मध्ये, जयप्रकाश नारायणांसमोर चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रं ठेवली होती. किशोरवयात हा पूर्ण संदर्भ कोरा असतो, दिसतात ते घोडे आणि बंदुका. आज वाचताना प्रश्न पडतो : नागरिकांच्या हाती शस्त्र देणारं हे दल कुणाला उत्तर देतं? नागरी स्वातंत्र्य स्थगित असताना अशी कथा मुलांसाठी कशी रंगवली गेली? वेताळावर शंभर लेख होतात, बहादूरवर एखादा. अस्सल देशी नायक हवा म्हणणाऱ्यांनी तरी तो वाचायला हवा होता.

‘विष घरात नको’ या युक्तिवादाचा इतिहासही पाहून घेतला पाहिजे. १९५४मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटनं सुनावणी घेतली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, लादून घेतला. त्याआधीच गावोगावी कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या होत्या. त्याच काळजीचा कायदा आपल्याकडे १९५६मध्ये झाला, तरुण व्यक्तींसाठी हानिकारक प्रकाशनांचा. आणि वर्थमचा पुरावा? २०१२मध्ये कॅरल टिली या संशोधिकेनं त्याची मूळ टिपणं तपासली, तेव्हा त्यानं मुलांची विधानं बदलल्याचं, दोन मुलांचं एक केल्याचं आणि गैरसोयीचा तपशील गाळल्याचं उघड झालं. वर्थमची काळजी मात्र खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब काळ्या मुलांसाठी दवाखाना चालवणारा तो माणूस होता, आणि कॉमिक्समधला वंशद्वेष त्याला खरोखर खुपत होता. घोटाळा हा की मुलं नेमकं काय वाचतात, कशी वाचतात, हे ऐकायच्या आधी त्यानं निकाल लिहून ठेवला. परिणाम काय झाला? भयकथा आणि गुन्हेकथा लिहिणारे चांगले लेखक-चित्रकार बाहेर पडले, आणि वंशवाद जिथल्या तिथे राहिला. १९७१मध्ये अमली पदार्थांचे दुष्परिणाम सांगणारी स्पायडर-मॅनची कथासुद्धा कोडच्या शिक्क्याविना छापावी लागली, कारण अमली पदार्थांचा उल्लेखच निषिद्ध होता. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात कादंबरीला, तेव्हाच्या भाषेत ‘नावला’ला, हेच ऐकावं लागलं होतं. आज त्याच नावलांवर विद्यापीठात प्रबंध होतात.

तिसरा पक्ष मवाळ आहे आणि म्हणून जास्त धोक्याचा. तो म्हणतो, फेकू नका, पूजाही नको, नव्यानं छापा, खटकणारं काढून टाका, रंग झकास करा. यात आधी रंगांचं पाहू. जुनी कॉमिक्स चार प्लेटांवर छापली जात : निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. पहिल्या तीन रंगांच्या ठिपक्यांच्या मोजक्याच पायऱ्या असत. कोरा कागद, पाव, अर्धा, पूर्ण, अशा चार धरल्या तर तिघांच्या मिळून ६४ छटा होतात. हे रंग न्यूजप्रिंटसाठी निवडलेले असत. तो कागद शाई पितो, ठिपका पसरतो, रंग दबतो. तेच प्रमाण चकचकीत पांढऱ्या कागदावर छापलं की कपडे भडक आणि चेहरे गुलाबी होतात. छपाईच्या मर्यादेनं नायकसुद्धा घडवले आहेत. १९६२च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता. प्लेटांच्या मिश्रणातून येणारा राखाडी पानोपानी बदलू लागला, म्हणून दुसऱ्या अंकात तो हिरवा झाला. फँटमचा पोशाख फॉकच्या मनात करडा होता, १९३९मध्ये रविवारची रंगीत पट्टी आली तेव्हा तो जांभळा छापला गेला, आणि स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल झाला. संगणकावर छाया-प्रकाश भरून हे सगळं ‘सुधारणं’ म्हणजे मूळ काम पुसणं.

मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचण्यातही असंच नुकसान आहे. चित्रकारानं पान एकसंध रचलेलं असतं, धक्का पान उलटल्यावर डाव्या हाताला ठेवलेला असतो. चौकट सुटी केली की ती लय मोडते. दैनिक पट्टीचं उलट आहे. तिची पहिली चौकट कालचं आठवून देते, शेवटची उद्यासाठी अडकवते. सलग शंभर पट्ट्या वाचल्या की गोष्ट रेंगाळल्यासारखी वाटते, आणि मग लोक म्हणतात, लेखक सुमार होता. दिवसाला तीन चौकटींसाठी लिहिलेली गोष्ट एका बैठकीत संपवणाऱ्याची ती घाई आहे. दिवसाला आठ-दहा पट्ट्या, एवढंच वाचून पाहा.

मजकूर काढून टाकण्याला माझा साफ विरोध आहे. लोथारचं कातडं नव्या छपाईत झाकलं तर १९६५चा बदल कुणाला कळणार? टीप द्या, प्रस्तावना लिहा, वयाची खूण छापा, पण पान तसंच राहू द्या. या शहरातच याचा धडा आहे. इंद्रजाल सुरू झालं त्याच वर्षी, १९६४मध्ये, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घातलं, आणि चित्रपट थोर आहे की गल्लाभरू हे न बघता मिळेल ते रीळ जपायचं, हा त्यांचा आग्रह होता. तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते, कारण ते निव्वळ करमणुकीचे आणि टाकाऊ समजले गेले. मराठी कॉमिक्सबाबत आपण आज त्याच जागी उभे आहोत. वाचनालयांनी ती सुट्टीतला माल म्हणून भाड्यानं दिली, फाटली की टाकली.

आणि ज्यांच्याकडे आहेत ते प्रेमापोटीच त्यांची वाट लावतात. झेरॉक्सच्या दुकानात मुखपृष्ठ लॅमिनेट करून आणतात. उष्णतेनं चिकटलेलं ते प्लास्टिक परत निघत नाही. सेलोटेप लावतात. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो. दहा-बारा अंक एकत्र बाइंड करतात. बाइंडर तिन्ही कडा कापतो, शिवण आतल्या चौकटी गिळते आणि खळीच्या वासानं कसर येते. काही जण तर किंमत वाढेल म्हणून पिशवीत बंद करून वाचतच नाहीत. त्यांनी १९९१चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक आठवावा : वेगवेगळी मुखपृष्ठं, ऐंशी लाखांवर प्रती, सगळ्यांनी जपलेल्या, म्हणून दुर्मीळ कधीच न झालेल्या. बाजाराचा तो फुगा फुटला आणि १९९६च्या डिसेंबरात त्याच्या प्रकाशकावर, मार्व्हलवर, दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली.

तेव्हा पावसाच्या आधी, मे संपायच्या आत, गठ्ठा माळ्यावरून उतरवा. न्यूजप्रिंटमधल्या लाकडाच्या लगद्याचं आम्ल कागद आतून खात असतं. ऊन आणि दमट हवा त्याला मदत करतात, आणि पुण्याच्या जुलैत पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग उतरतात. उन्हात वाळवू नका, सावलीत एक दिवस मोकळे ठेवा. गंजलेली पिन चिमट्यानं सरळ करून काढा, ओढू नका. पीव्हीसीची पिशवी शाईला चिकटते. पॉलिप्रोपिलीनची घ्या, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घाला आणि डबा बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. कसर दिसली तर अंक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरतं. स्कॅन घरापुरता करा, हक्क अजून शाबूत आहेत. ६०० डीपीआयला घ्या, कारण त्याखाली छपाईचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकून पानभर लहरी उमटतात. पानामागे काळा कागद ठेवला की पलीकडची छपाई डोकावत नाही. गठ्ठा अपुरा असेल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात आणि अप्पा बळवंत चौकात विचारा, मराठी आवृत्ती आवर्जून मागा.

आणि घरात तेरा-चौदा वर्षांचं कुणी असेल तर आधी स्वतः वाचा, मग तोच अंक त्याच्या हाती द्या, प्रवचन न देता. वाचून झाला की त्याला नकाशात डेंकाली शोधायला सांगा.